ताई, गळती थांबली

ताई, गळती थांबली.

एक थेंबसुद्धा नाही. तुमच्या समाधानासाठी उगाच सांगत नाहीये. गाडी चांगली गरम करून आणली, खाली पांढरा कागद पसरला, रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी कागद उजेडात धरून पाहिला. तुम्ही धरायच्या तसा, चष्मा कपाळावर ढकलून. कोरा! मी पार्किंगमध्ये एकटीच ओरडले. पटवर्धन काका पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून वाकले. "काय हो वैशालीताई, साप निघाला का?"

"नाही काका," मी म्हटलं, "काहीच निघालं नाही!"

त्यांना काय कळणार. तुम्हाला कळलं असतं. तुम्ही ओरडला नसतात, कागद माझ्या हातातून काढून घेऊन उलटा करून पाहिला असतात.

तुम्हाला जाऊन अजून दोन महिने व्हायचेत. घरात तुमचं नाव निघालं की सगळे आवाज खाली आणतात, शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असावं तसे. मला मात्र तुमच्याशी मोठ्याने बोलायचंय, कारण बातमीच तशी आहे. रडणं झालंय, अजून होईल. आज आधी हे ऐका.

आपल्या दोघींचं काय चाललंय ते लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. नणंद-भावजय म्हटलं की समोरचा एक चेहरा करायचा. मग मी सांगायची, आम्ही दोघी मिळून एक जुनी मोटरसायकल दुरुस्त करतो. मग तो दुसरा चेहरा करायचा. तुम्ही आयुष्यभर कारखान्याच्या तपासणी विभागात काढलेल्या, निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत खालचा फ्लॅट घेऊन राहिलेल्या. आणि मी कोपऱ्यावर ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान चालवणारी. संध्याकाळी तुम्ही दुकानात येऊन स्टुलावर बसायचात आणि चहा संपेपर्यंत माझ्या शिवणी तपासायचात. "ही बाही अर्धा दोरा तिरकी आहे." मी म्हणायची, "ताई, बाईच्या अंगावर जाणार आहे, मशीनवर बसवायची नाही." तुम्ही म्हणायचात, "म्हणूनच सांगतेय. मशीन तक्रार करत नाही."

तुमच्या तरुणपणी तुमच्याकडे मोटरसायकल होती, एवढं मला माहीत होतं. घरात एक फोटोही आहे. साडी खोचलेली, केसांना घट्ट रुमाल, आणि खाली ते काळं विलायती धूड. त्या काळात पुण्यात बायका सायकलवर दिसायच्या, मोटरसायकलवर नाही, आणि तुम्ही कुणाकडून तरी जुनी गाडी घेऊन रोज पिंपरीला कामावर जात होतात. पुढे आई आजारी पडल्या, त्यांना दवाखान्यात न्यायचं तर त्या मागे बसू शकेनात, म्हणून तुम्ही ती देऊन स्कूटर घेतलीत. तुम्ही हे सांगायचात तेव्हा एका वाक्यात सांगायचात. मीही कधी दुसरं वाक्य विचारलं नाही.

आणि मग सासवडच्या पुढे तो दिवस!

ताई, तो दिवस मी अजून घडीघडीने आठवू शकते. आपण अंजीर घ्यायला थांबलो होतो. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बसलेली ती आजी, मागे त्यांचं घर, गोठा. तुम्ही हात धुवायला मागे गेलात आणि बराच वेळ आलाच नाहीत. मग तुमची हाक आली. माझं नाव नव्हतं त्या हाकेत, नुसतं "अगं, अगं, अगं" एवढंच. मला वाटलं पडलात. मी अंजिरांची पिशवी टाकून धावले, तर तुम्ही गोठ्याच्या पडवीत गुडघ्यावर बसून एका गंजलेल्या सांगाड्याच्या पायदानावर बोट फिरवत होतात. वर कोंबड्यांनी बैठक मारलेली.

"हे वेल्डिंग माझं आहे," तुम्ही म्हणालात. "बघ कसं वाईट आहे. पहिलंच होतं माझं. आमच्या फोरमनने बघून सांगितलं होतं, बाई, तुम्ही तपासायचंच काम करा."

आजी पदराने हात पुसत मागे आल्या. "ती व्हय? आमच्या मालकांची हाय. ते गेल्यापास्नं कुणी हात लावला न्हाई. कोंबड्या बसत्यात तिच्यावर."

"ही माझी होती," तुम्ही म्हणालात.

आजींनी तुमच्याकडे नीट पाहिलं. पांढरे केस, कॉटनची साडी, चष्म्याची दोरी. "तुमी चालवत हुता?"

"हो."

"एकट्या?"

"हो."

आजी कोंबड्यांना हुसकवायला लागल्या. "हुश्श. उठा गं. मालकीण आलीया."

त्या एका वाक्यावर तुम्ही वळून उभ्या राहिलात. डोळे पुसताना मी तुम्हाला फक्त तेव्हा पाहिलं, आणि तेही तुम्ही कोंबड्यांच्या धुळीवर ढकललंत.

टेम्पोतून गाडी घरी आली. श्रीधर खाली उतरला, त्याने एकदा गाडीकडे आणि एकदा तुमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "ताई, भंगारवाला उलट दिशेने येतो गं. इथून माल नेतो." तुम्ही त्याला गाडीची एक बाजू धरायला लावलीत. सख्ख्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, असंच उत्तर द्यायचं असतं हे मी तुमच्याकडून शिकले.

पार्किंगच्या कोपऱ्यात आपण चादर टाकून दुकान मांडलं. मला पाना म्हणजे पाना एवढंच माहीत होतं. तुम्ही मला पहिलं काम दिलंत ते पुसायचं. मग खोलायचं. मग जे खोललं ते ज्या क्रमाने खोललं त्या क्रमाने ताटात मांडायचं. तुमची बोटं सांध्यांमुळे वळायची नाहीत, म्हणून बारीक कामं माझ्याकडे आली, आणि एक दिवस तुम्ही पॅकिंगचा कागद माझ्यापुढे टाकलात. इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसणारा, तेल आत अडवणारा तो पातळ कागद. ह्या गाडीची तयार पॅकिंग कुठे मिळत नव्हती. "काप," तुम्ही म्हणालात. मी दुकानातून माझी कात्री आणली, कडेवर कागद ठेवून अंगठ्याने दाबून ठसा उमटवला, जसा मी जुन्या ब्लाउजवरून माप उतरवते तसा, आणि कापला. भोकं पाडायच्या पंचने भोकं पाडली. तुम्ही तो कागद इंजिनावर ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिलात. कुठे काही सापडेना तेव्हा म्हणालात, "बरं आहे."

ताई, तुमचं ते "बरं आहे" म्हणजे काय होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं. माझ्या दुकानात बायका येतात, "काय सुंदर बसलाय हो!" म्हणतात, मी हसते आणि विसरते. तुमचं "बरं आहे" मी जेवताना आठवून पुन्हा एकदा जेवले होते.

तांब्याचे वॉशर मऊ करायला आपण माझ्या स्वयंपाकघरात आलो होतो. गॅसवर चिमट्यात धरून लाल करायचे आणि पाण्यात सोडायचे. चुर्र! दुसऱ्या शेगडीवर आमटी उकळत होती. श्रीधर डोकावला, म्हणाला, "आज फोडणी कशाची?" तुम्ही म्हणालात, "तुझ्या गाडीची नाही, तू जा."

टाकीचा गंज गेला, चाकांच्या तारा ताणल्या, काळा रंग चढला. आणि ती सुरू झाली त्या दिवशी मी काय सांगू! तुम्हीच किक मारायचा हट्ट धरलात, गुडघा दुखत असताना. चौथ्यांदा की पाचव्यांदा तिने एक खोकला काढला आणि मग धरलंच. धड, धड, धड. ह्या गाड्यांचा आवाज कानाला नाही, पोटाला ऐकू येतो. तुम्ही हॅन्डल धरून डोळे मिटून उभ्या होतात. इमारतीतली सगळी माणसं गॅलरीत. टाळ्यासुद्धा वाजल्या.

आणि आपण खाली पाहिलं, तर तेल.

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं. पुढून गळत होतं, म्हणून आपण पुढचं झाकण काढलं, काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून त्याची कड घासून सपाट केली, नवं पॅकिंग घातलं. पुढचं थांबलं, तर डावीकडून सुरू झालं. डावीकडचं केलं, तर वर इंजिनाच्या डोक्यावरून. वरचं केलं, तर खालून, जिथे इंजिनाची दोन अर्धुकं जुळतात तिथून. सांधा बदलायचा, गळती तेवढीच. पटवर्धन काकांनी सोसायटीच्या फळ्यावर पाटी लावली. "पार्किंगमध्ये तेल सांडणाऱ्या वाहनाच्या मालकांनी वाहन स्वतःच्या पलंगाखाली ठेवावे." तुम्ही ती वाचून म्हणालात, "वाहनाच्या मालकांनी नाही, मालकिणींनी." आणि खडूने दुरुस्तही करून आलात.

मी कंटाळले होते. तुम्हाला सांगितलंही. "ताई, सत्तर वर्षांची गाडी आहे. गळू दे थोडं. खाली जुना ट्रे ठेवू, झालं. आपण ती चालवू तरी."

"गळती म्हणजे गळती," तुम्ही म्हणालात. "कमी-जास्त असं नसतं."

"सगळ्या जुन्या गाड्या गळतात. रविवारी टेकडीपाशी जमतात ना जुन्या गाड्यांवाले, त्यांच्याही गळतात."

"त्यांनी शोधलं नसेल."

"आणि आपण शोधतोय ते काय आहे? दर आठवड्याला इंजिन उघडतोय. तुमचा हट्ट आहे नुसता."

"तुझा ट्रे हा हट्ट नाही, आळस आहे."

आपलं शेवटचं धड बोलणं ते. तुम्ही पुन्हा खालची अर्धुकं उघडायचं ठरवत होतात आणि मी पदर खोचून वर निघून आले. खाली तुम्ही एकट्याच पाने पुसून ठेवत होतात, त्याचा आवाज जिन्यात येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या छातीत दुखायला लागलं. नंतर दवाखाना, नळ्या, यंत्रं. मला आत सोडलं तेव्हा मी ठरवून आले होते की गाडीचा विषयच काढायचा नाही. तुम्ही डोळे उघडलेत, मला पाहिलंत, तोंडावरचा मास्क बाजूला केलात.

"पावडर टाकली होती ना आपण?"

टाकली होती. इंजिन डिझेलने धुऊन, पूर्ण वाळवून वरून टाल्कम पावडर भुरभुरवायची आणि गाडी सुरू करायची. जिथे तेल येईल तिथे पावडर काळी पडते. कारखान्यातली तुमचीच युक्ती.

"टाकली होती. खालच्या सांध्यावर भिजली."

"कुठे भिजली ते नको सांगू. भिजायला सुरुवात कुठून झाली?"

"आपण गाडी बंद करून मग बघितलं ना, ताई."

तुम्ही छताकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "मग आपण चुकीच्या वेळी बघत होतो." नर्सने मास्क परत लावला आणि मला बाहेर काढलं. तुम्ही हात वर केलात, निरोपाचा नव्हता तो, 'नंतर बघू' असा होता. नंतर काही आलं नाही.

मला तुमच्याशी अजून किती बोलायचं होतं. मला म्हणायचं होतं की माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात मी कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई म्हणून ह्या घरात बरी वागले असेन, पण कुणाची सहकारी फक्त तुम्ही केलंत मला. तुम्ही मला "जमेल तुला" असं एकदाही म्हणाला नाहीत. "पुन्हा कर" म्हणायचात. पुन्हा कर म्हणणाऱ्याने आधीच गृहीत धरलेलं असतं की जमणार आहे. हे मला दवाखान्यातून परत येताना रिक्षात सुचलं. तेव्हा सांगायला तुम्ही नव्हतात.

दिवस झाले. लोक येऊन गेले. पटवर्धन काका आले, खुर्चीच्या टोकावर बसले. जाताना म्हणाले, "पाटी काढलीय मी. तेल राहू द्या." आणि चष्मा काढून पुसत जिना उतरले.

मग गाडीचं काय करायचं ही चर्चा सुरू झाली. माझा भाऊ म्हणाला, कुणा हौशी माणसाला देऊन टाका, नीट ठेवेल. तुमच्या मैत्रिणी म्हणाल्या, स्मृती म्हणून तशीच ठेवा, झाकून. तुम्ही गेल्यापासून श्रीधर तुमच्याबद्दल बोलतच नव्हता. ऑफिसला जायचा, यायचा, पेपर वाचायचा. पार्किंगमध्ये स्कूटर लावायलाही दुसऱ्या फाटकाने यायला लागला. मी एकदा विचारलं, "गाडी ठेवायची का?" तर म्हणाला, "तुला काय वाटेल ते कर." रागाने नाही. रस्त्यात पत्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं.

मला काय वाटेल ते मी केलं. एका रविवारी दुपारी खाली गेले, तुमची चादर टाकली. इंजिन डिझेलने धुतलं, वाळवलं. घरातला पावडरचा डबा उपडा केला. गाडी सुरू करायला मात्र माझी दमछाक झाली. किक उलटी फिरली आणि माझी नडगी अशी शेकली की मी तुमच्या गाडीला तुम्ही कधी ऐकला नसेल असा शब्द वापरला. पण ती लागली. आणि ह्या वेळी मी ती बंद करून बघितलं नाही. टॉर्च घेऊन शेजारी मांडी घालून बसले आणि चालत्या इंजिनाकडे बघत राहिले, तुम्ही सांगितलं तसं.

हळू चालत होती तोवर सगळं पांढरं. मी हात लांबवून मूठ पिळली. आवाज वाढला, आणि ताई, माझ्या डोळ्यांदेखत चार ठिकाणी एकदम काळे ठिपके उमटले! पुढे, डावीकडे, वर, खाली. एकानंतर एक नाही, एकदम. मूठ सोडली की थांबायचे. पिळली की फुटायचे. जणू आतून कुणी ढकलत होतं.

मी गाडी बंद केली. आतून कुणी ढकलत होतं!

चार सांधे एकाच क्षणी कसे फुटतील? फुटणार नाहीत. सांधे चांगलेच होते. तुमचे घासलेले, माझे कापलेले, सगळे चांगले होते. आत कोंडलेली हवा वाट शोधत होती. पिस्टन खाली येतो तेव्हा खालची हवा दाबली जाते आणि ती बाहेर पडायला एक नळी असते, इंजिनाच्या मागून निघून चेनकडे जाणारी, करंगळीएवढी. ब्रीदर. तुम्हीच मला दाखवली होती. तिच्यात तार घालून तुम्ही तपासलीही होती. तार वळणापर्यंत जाऊन थांबली, आपल्याला वाटलं वळणामुळे थांबली.

मी नळी खोलली. तिचं एक टोक तोंडात धरलं, डिझेलची चव कशी असते ते आता विचारू नका, आणि फुंकर मारली. गाल फुगले. डोळे बाहेर आले. हवा जाईना.

सायकलची तार वाकवून घातली, फिरवली, ठोकली, डिझेलमध्ये बुडवली, परत फिरवली. आणि वळणाच्या पलीकडून मातीचा तुकडा निघाला. मग अजून एक. तळहातावर घेऊन पाहिले तर वाटोळ्या, गुळगुळीत, आतून पोकळ मातीच्या वाट्या. कुंभारीण माशीचं घर, ताई! गोठ्याच्या पडवीत इतकी वर्षं गाडी उभी, कुणा माशीने त्या नळीत आपली पिल्लं वाढवून घर बंद करून टाकलं होतं. एक सांधा आपण घट्ट करायचो, की हवा दुसरीकडून तेल बाहेर ढकलायची. जितकं चांगलं काम करायचो तितकी गळती हलायची. चूक आपल्या एकाही जोडात नव्हती!

मी त्या पार्किंगमध्ये हसत सुटले. मग रडले. मग परत हसले. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला स्वच्छ ऐकू आलं, "मग? नळी पूस आणि लाव." मी पुसली आणि लावली. इंजिन पुन्हा धुतलं, पुन्हा पावडर, पुन्हा किक. मूठ पिळली. पांढरं. अजून पिळली. पांढरंच! लग्नातल्या मांडवासारखं पांढरं!

ताई, तुम्ही जिंकलात. ट्रे मी भंगारात दिला.

आता राहिलं चालवायचं. तुमचा आग्रह होता की गाडी मीच चालवायची आणि माझा आग्रह होता की मी मागे बसणार. स्कूटर मी वीस-पंचवीस वर्षं चालवतेय, पण हिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. पहिल्या दिवशी मी थांबायला गेले आणि गिअर टाकला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकाला नमस्कार केला. पटवर्धन काका रोज सकाळी चालायला निघायचे ते माझी शिकवणी संपेपर्यंत जिन्यातच थांबायला लागले. "तुमचं झालं की सांगा," म्हणायचे, "मला नातवंडं आहेत." पण मी पुन्हा केलं. पुन्हा केलं. आणि पाय एक दिवस आपोआप शहाणे झाले.

परवा सकाळी मी हेल्मेट घातलं आणि श्रीधरला म्हटलं, "कात्रजच्या जुन्या घाटात जातेय. येतोस?" मला वाटलं नाही म्हणेल. तो पेपरची घडी करून उठला. मागे बसला, पण हात कुठे धरावेत ते त्याला कळेना. शेवटी माझ्या जॅकेटची कड चिमटीत धरली, बसमध्ये अनोळखी माणसाच्या शेजारी बसल्यासारखी.

सातारा रस्त्यावर लोक वळून बघत होते. एक रिक्षावाला सिग्नलला म्हणाला, "काकू, कितने साल की है?" मी म्हटलं, "माझ्यापेक्षा मोठी आहे, म्हणून 'अहो' म्हणते." कात्रजचा चौक मागे पडला, चढ लागला आणि मी गिअर बदलला. ती न कुरकुरता चढायला लागली. वळणामागून वळण. तो आवाज डोंगराला लागून परत येत होता, दोन गाड्या चालल्यासारखा. शहर खाली धुक्यात पसरलेलं. मी हेल्मेटच्या आत गात होते ताई, काय ते मलाही माहीत नाही. बोगद्यापाशी थांबलो. मी लगेच खाली वाकून इंजिन पाहिलं, बोट फिरवलं. कोरडं. श्रीधरला बोट दाखवलं. त्याने मान हलवली, कठड्याला टेकून खाली बघत राहिला. चहा घेतला. तुमचा विषय मी काढायला गेले नाही.

येताना कात्रजच्या गर्दीत गाडी माझ्याकडून बंद पडली. मागे बस, डंपर, सगळे हॉर्न. मी किक मारते, लागत नाही. गरम इंजिन, घामेजलेले हात, मागचा एक पोरगा ओरडतो, "काकू, बाजूला घ्या ना!" श्रीधर उतरला. "तू बस," म्हणाला. "दुसरा टाक. मी ढकलतो." निवृत्तीला आलेला माणूस, ऑफिसचे बूट घातलेला, आणि तो धावायला लागला. मी क्लच सोडला, गाडीने एक हिसका दिला आणि धरलं! पण आता थांबवली तर परत बंद पडेल. मी थांबलेच नाही. गर्दीतून सुटले, पुढे कितीतरी अंतरावर वळण मिळालं तिथून फिरून, परत फिरून आले, तर हा दुभाजकावर उभा, दम लागलेला, हेल्मेट काखेत.

मी शेजारी आणून इंजिन चालू ठेवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आपल्या घरातल्या बायकांना," तो म्हणाला, "न सांगता सोडून जायची सवयच आहे."

आणि त्याचा चेहरा फुटला. भर चौकात, बसच्या खिडकीतून माणसं बघत असताना. मी उतरू शकत नव्हते, मूठ सोडू शकत नव्हते. मी फक्त डाव्या हाताने मागची सीट थोपटली. तो बसला. ह्या वेळी त्याने मला दोन्ही हातांनी धरलं.

आम्ही निघालो आणि मागून त्याने बोलायला सुरुवात केली. तुमच्याबद्दल. इंजिनाच्या आवाजावरून ओरडून. लहान असताना शनिवारी शाळा सुटली की तुम्ही फाटकाशी गाडी घेऊन यायचात, आणि सगळी मुलं जमायची. तुम्ही त्याला टाकीवर पुढे बसवायचात आणि मूठ त्याच्या हाताने पिळायचात. एकदा तो पडला तेव्हा तुम्ही आईला सांगितलंत की तुम्हीच पाडलं, त्याची चूक असताना. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, ताई. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हा माणूस मला हे परवा सांगत होता, माझ्या खांद्याला तोंड लावून, वाऱ्यात. अर्धं ऐकू आलं, अर्धं उडून गेलं. बिबवेवाडीचं आमचं वळण आलं.

मी ते घेतलं नाही. सरळ गेले. गाडी हळूही केली नाही. हळू केली असती तर सगळं नीट ऐकू आलं असतं, पण मला भीती वाटली, आवाज कमी झाला की तोही आवाज खाली आणेल. ओरडू दे म्हटलं. पेट्रोल होतं.